जोडीने रणगाडे पाहताना: नगरच्या कॅव्हलरी टँक म्युझियमला पहिल्यांदाच जाणाऱ्यांसाठी

नगर शहराच्या सोलापूर रस्त्याकडील बाजूला, लष्कराच्या हद्दीत, भारतीय सैन्याच्या चिलखती दलाचे एक संग्रहालय आहे. त्याचे नाव कॅव्हलरी टँक म्युझियम. गावात ते रणगाडा संग्रहालय या नावानेही ओळखले जाते. आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूल या प्रशिक्षण संस्थेने ते उभारले आणि फेब्रुवारी १९९४ मध्ये तत्कालीन लष्करप्रमुख जनरल बिपिनचंद्र जोशी यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. रोल्स-रॉइसच्या चिलखती मोटारीपासून चेन्नईजवळच्या आवडी येथील कारखान्यात घडलेल्या विजयंत रणगाड्यापर्यंत पन्नासच्या आसपास वाहने तेथे उघड्या आवारात मांडलेली आहेत. शिर्डी किंवा शनिशिंगणापूरला निघालेली कितीतरी कुटुंबे नगरमधून जातात, पण या संग्रहालयासाठी अर्धा दिवस राखून ठेवणारी फार थोडी असतात. या लेखाचा हेतू तो अर्धा दिवस राखायला लावण्याचा आहे आणि तो पती-पत्नी दोघांनाही समाधान देईल असा कसा घालवावा, हे सांगण्याचा आहे.

बहुतेक जोडप्यांत लष्करी इतिहासाची ओढ एकालाच असते आणि दुसरा सोबत म्हणून येतो. आमच्याकडे ही ओढ मला आहे. मी शाळेत इतिहास शिकवते. माझ्या पतींचे आयुष्य वेल्डिंगच्या आणि पत्र्याच्या कामात गेले असून लढायांच्या तारखांत त्यांना रस नाही. तरीही हे संग्रहालय त्यांना आवडले, कारण ते त्यांनी त्यांच्या डोळ्यांनी पाहिले, माझ्या नव्हे. माझे ठाम मत असे झाले आहे की, पन्नास वाहनांपुढून भराभर पुढे सरकण्यापेक्षा दहा-बारा वाहने निवडावीत आणि प्रत्येकापाशी 'याच्या आत किती माणसे बसत असत आणि त्यांचे पुढे काय झाले' या प्रश्नापासून सुरुवात करावी. हा प्रश्न समजण्यासाठी कोणालाही आधी युद्धशास्त्र वाचावे लागत नाही.

निघण्यापूर्वी दोघांनी ठरवायच्या गोष्टी

पहिली गोष्ट म्हणजे वेळेची मर्यादा. आवड असलेल्या व्यक्तीला येथे चार तास सहज पुरतात, पण नव्याने येणाऱ्या सोबत्याची उमेद दोन तासांनंतर ओसरू लागते. म्हणून दीड ते दोन तास एकत्र पाहायचे आणि त्यानंतर हवे असल्यास एकाने सावलीत बसायचे व दुसऱ्याने उरलेले पाहून यायचे, असे घरूनच ठरवून निघावे. 'थोडंच राहिलंय, आलेच' असे चारदा म्हणून ताटकळत ठेवण्यापेक्षा हा मोकळेपणा दोघांच्याही हिताचा असतो.

दुसरी गोष्ट म्हणजे तयारीची वाटणी. आदल्या रात्री दोघांनी मिळून दोनच युद्धांची तोंडओळख करून घ्यावी, १९६५ चे आणि १९७१ चे, कारण आवारातल्या सर्वांत बोलक्या वाहनांचा संबंध याच दोन युद्धांशी आहे. आवड असलेल्या जोडीदाराने चार-पाच गोष्टी मनात तयार ठेवाव्यात. दुसऱ्याने तपासनीसाचे काम घ्यावे: फलकावर लिहिलेले समोरच्या वाहनात खरोखर कुठे दिसते, ते शोधायचे. एकाने मोठ्याने वाचावे आणि दुसऱ्याने हाताने दाखवावे, अशी रीत ठेवली की एकजण बोलतो आहे आणि दुसरा निमूटपणे ऐकतो आहे, असे होत नाही.

दोघांपैकी कोणाच्या घरात लष्करी सेवेची परंपरा असेल, तर आजोबांची किंवा काकांची रेजिमेंट कोणती होती, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून ठेवावे. चिलखती दलाच्या रेजिमेंटांची बोधचिन्हे येथे आहेत आणि आपल्या माणसाचे चिन्ह समोर दिसणे ही गोष्ट वेगळीच असते.

ऋतू, वेळ आणि वाट

वाहने उघड्यावर असल्यामुळे हवामानाचा विचार सर्वांत आधी करावा लागतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. एप्रिल-मे महिन्यांत नगरचे ऊन कडक असते, भोवतालचे पोलाद तापलेले असते आणि दुपारी बारानंतर तेथे उभे राहणे नकोसे होते. उन्हाळ्यातच जाणे भाग असेल तर संग्रहालय उघडताच पोहोचावे. नगर पर्जन्यछायेत असल्याने पावसाळ्यात फार अडचण येत नाही, मात्र पादत्राणे चिखलात चालतील अशी असावीत. टोपी, पाण्याच्या बाटल्या आणि चालायला सोयीचे बूट दोघांनीही घ्यावेत. उघडण्या-मिटण्याच्या वेळा, सुट्टीचा वार आणि प्रवेशशुल्क यांची खात्री निघण्याच्या आदल्या दिवशी करून घ्यावी. संग्रहालय लष्कराचे असल्यामुळे एखाद्या समारंभासाठी ते अचानक बंद राहू शकते.

पुण्याहून नगर सुमारे १२० किलोमीटर आहे. वाघोली, शिक्रापूर, रांजणगाव, शिरूर आणि सुपे अशी वाट असून स्वतःच्या गाडीने अडीच ते तीन तास धरावेत. छत्रपती संभाजीनगरहूनही अंतर साधारण तेवढेच पडते. एस.टी.ने आल्यास माळीवाडा किंवा तारकपूर बसस्थानकावर उतरून रिक्षा करावी आणि रिक्षाचालकाला 'सोलापूर रोडचं टँक म्युझियम' एवढे सांगावे. रेल्वेने येणाऱ्यांसाठी दौंड-मनमाड मार्गावर नगरचे स्थानक आहे. शहराचे नाव आता अहिल्यानगर झाले असल्याने नकाशात आणि तिकिटांवर दोन्ही नावे आढळतील. त्यामुळे गोंधळून जाऊ नये. शिर्डीहून परतताना येणाऱ्यांनी ८० किलोमीटरपेक्षा थोडे अधिक अंतर धरून सकाळी लवकर निघावे, कारण दर्शन, जेवण आणि संग्रहालय हे सारे एकाच दुपारी उरकायला गेले की तिन्हींपैकी काहीच धड होत नाही.

प्रवेशद्वारापाशी

आपण लष्करी हद्दीत जात आहोत, हे ध्यानात ठेवावे. दोघांनीही आपापले शासकीय ओळखपत्र मूळ प्रतीत जवळ ठेवावे. एकाचे आहे म्हणून दुसऱ्याचे चालून जाईल, असे गृहीत धरू नये. परदेशात स्थायिक झालेल्या आणि परकीय नागरिकत्व घेतलेल्या मराठी मंडळींनी, किंवा ज्यांचे जोडीदार परकीय नागरिक आहेत त्यांनी, आधीच दूरध्वनी करून प्रवेशाबद्दल विचारून घ्यावे. छायाचित्रे कुठे काढता येतात आणि कुठे नाहीत, हे फलकावर वाचावे, नसल्यास तेथील जवानाला विचारावे. रस्त्यात दिसणारी लष्करी इमारत, पहारा किंवा गाड्यांचा ताफा यांची छायाचित्रे काढू नयेत आणि ड्रोन तर नेऊच नये.

रणगाड्यांवर चढू नये. मुलांना उचलून तोफेच्या नळीवर बसवण्याचा मोह अनेकांना होतो, पण ही वाहने वयाने जुनी आहेत, त्यांच्या कडा धारदार आहेत, आणि त्यांपैकी काहींत माणसांनी प्राण सोडले आहेत.

पहिली फेरी फलक न वाचता

आत गेल्यावर लगेच वाचायला लागू नये. पंधरा-वीस मिनिटांची एक संथ फेरी दोघांनी मारावी आणि प्रत्येकाने आपापल्या मनाने तीन वाहने निवडावीत: सर्वांत मोठे वाटलेले, सर्वांत विचित्र दिसलेले आणि ज्यात बसायला मुळीच आवडणार नाही असे. मग एकमेकांची निवड विचारावी. या सोप्या उपायाने अनुभवी आणि नवखा यांच्यातले अंतर पुष्कळ कमी होते, कारण निवडीला ज्ञान लागत नाही आणि निवडीमागचे कारण सांगताना माणूस आपोआप बारकाईने पाहू लागतो. 'ज्यात बसायला आवडणार नाही' या प्रश्नाला पुष्कळांचे उत्तर जपानी हा-गो असते. दुसऱ्या महायुद्धातला हा हलका रणगाडा एवढा लहान आहे की त्यात तीन माणसे बसत असत, यावर विश्वास बसत नाही.

कोणत्याही रणगाड्यापुढे काय पाहावे

दुसऱ्या फेरीत वाचन सुरू करावे, आणि ते नेहमी आतल्या माणसांपासून. बहुतेक रणगाड्यांत तीन ते पाच जण असतात: चालक, तोफ रोखून डागणारा गनर, तोफेत गोळा भरणारा लोडर आणि या सर्वांना आज्ञा देणारा कमांडर, काही जुन्या वाहनांत चालकाशेजारी आणखी एक जण बसतो. चालकाचे झाकण पुढच्या भागात शोधावे. त्या झाकणाची रुंदी आपल्या खांद्यांशी ताडून पाहिली की, आग लागल्यावर बाहेर पडायला किती क्षण लागत असतील, याचा अंदाज येतो. माझ्या मते नवख्या व्यक्तीला रणगाड्याची खरी ओळख येथेच होते. तोफेच्या लांबीने ती होत नाही.

त्यानंतर चिलखताकडे वळावे. हा-गोच्या चिलखताची जास्तीत जास्त जाडी १२ मिलिमीटर, म्हणजे करंगळीच्या रुंदीएवढी. ब्रिटिशांचा चर्चिल त्याच महायुद्धातला, पण त्याच्या सातव्या आवृत्तीचे समोरचे चिलखत १५२ मिलिमीटर, म्हणजे टीचभर जाड आहे. ही दोन्ही वाहने एकापाठोपाठ पाहावीत. चर्चिल चाळीस टनांच्या घरातला आणि ताशी जेमतेम वीस किलोमीटर जाणारा आहे, कारण तो पायदळाच्या चालीने त्याच्याबरोबर पुढे सरकण्यासाठी बनवलेला होता. मॅटिल्डा आणि व्हॅलेंटाइन हेही त्याच कामाचे. हा-गो मात्र चीनमध्ये आणि पुढे आग्नेय आशियात, जिथे समोर रणगाडे फारसे नव्हते, तिथे वेगाने घुसण्यासाठी वापरला गेला. चिलखत किती जाड ठेवायचे, हा निर्णय शत्रू कोण आहे आणि माणसाच्या जिवाचे मोल किती धरले आहे, या दोन्हींवर ठरतो, हे त्या दोन वाहनांच्या मध्ये उभे राहिले की पटते.

चिलखताचे जोड पाहायला माझ्या पतींनी मला शिकवले. 'अगं, हे बघ, इथं सगळं रिव्हेटवर आहे,' असे म्हणत त्यांनी हा-गोच्या बाजूवर ओळीने बसवलेल्या रिव्हेटांच्या गोल टोप्या दाखवल्या. पत्रे असे जोडलेले असले की बाहेरून गोळा आदळल्यावर चिलखत फुटले नाही तरी रिव्हेटचा आतला तुकडा तुटून गोळीसारखा आत उडतो आणि माणूस जखमी होतो. म्हणून पुढे रिव्हेट गेले आणि वेल्डिंग आले. मग पॅटन या अमेरिकी रणगाड्याकडे गेले की वेल्डिंगही फारसे दिसत नाही, कारण त्याचे धड आणि टरेट, म्हणजे तोफ बसवलेला वरचा फिरता भाग, ओतीव पोलादाचे आहेत. सपाट कोपरे नाहीसे होऊन सगळीकडे गोलाई आली आहे आणि त्या गोलाईवरून गोळा निसटून जाण्याची शक्यता वाढते. एकट्याने फिरताना हे सारे माझ्या नजरेतून निसटले असते. आपला जोडीदार यंत्रकाम करणारा असो, शिवणकाम करणारा असो किंवा परिचारिका असो, त्याच्या कामाचा एखादा धागा येथे सापडतोच, आणि तो शोधण्याची संधी त्याला द्यावी.

तिसरी गोष्ट तोफेच्या नळीची. हा-गोची तोफ ३७ मिलिमीटर व्यासाची, मॅटिल्डाची ४० ची, पॅटनची ९० ची आणि विजयंताची १०५ ची. फलकांवरचे हे आकडे क्रमाने वाचत गेले की तीसेक वर्षांत चिलखत आणि गोळा यांची चढाओढ कुठवर गेली, हे कोणत्याही व्याख्यानाशिवाय ध्यानात येते. साखळ्या, चाके आणि इंजिन यांवर ज्यांना वेळ द्यायचा असेल त्यांनी जरूर द्यावा. इतरांनी पुढे जावे.

रोल्स-रॉइसपासून विजयंतापर्यंत: आपल्या युद्धांची वाट

आता वाहनांचा क्रम सोडून काळाचा क्रम धरावा. सुरुवात रोल्स-रॉइसच्या चिलखती मोटारीपासून करावी. राजे-महाराजांच्या आवडत्या सिल्व्हर घोस्ट मोटारीच्या सांगाड्यावर पोलादी पत्रे आणि मशीनगन चढवून पहिल्या महायुद्धात ही वाहने तयार झाली. भारतीय घोडदळाचे घोडे मात्र त्यानंतरही बराच काळ टिकले. १९३८ मध्ये सिंद हॉर्स या रेजिमेंटचे यांत्रिकीकरण झाले आणि घोड्यांची जागा वाहनांनी घेण्यास सुरुवात झाली. रेजिमेंटांच्या नावांत हॉर्स, लान्सर्स आणि कॅव्हलरी हे शब्द आजही आहेत आणि हुद्देही रिसालदार, दफेदार, सवार असेच आहेत. फलक वाचताना सवार म्हणजे रणगाड्यातला शिपाई, एवढे लक्षात ठेवले म्हणजे पुरे.

स्टुअर्ट या अमेरिकी हलक्या रणगाड्यापाशी झोजी ला खिंडीची हकीकत सांगावी. १९४८ च्या हिवाळ्याच्या तोंडावर लडाखची वाट शत्रूने अडवून धरली होती. सातव्या लाइट कॅव्हलरीचे स्टुअर्ट, वाटेतल्या पुलांना भार पेलावा म्हणून टरेट उतरवून, गुप्तपणे बालतालपर्यंत नेण्यात आले आणि १ नोव्हेंबर रोजी साडेतीन हजार मीटर उंचीच्या त्या खिंडीत बर्फ पडत असताना पुढे घातले गेले. तेथे रणगाडे येतील, अशी शत्रूची कल्पनाच नव्हती. त्याच धाडसाची पुढची पायरी फ्रेंच एएमएक्स-१३ पाशी सापडते. चीनच्या आक्रमणाच्या वेळी, ऑक्टोबर १९६२ मध्ये, विसाव्या लान्सर्सचे हे रणगाडे एएन-१२ विमानांतून लडाखमधल्या सुमारे ४,३०० मीटर उंचीवरच्या चुशूलला उतरवण्यात आले. या रणगाड्याचा टरेट मुद्दाम नीट पाहावा: त्याचा वरचा अर्धा भाग तोफेसह वरखाली झुकतो आणि मागच्या बाजूला सहा-सहा गोळ्यांच्या दोन फिरत्या नळकांड्यांतून तोफ आपोआप भरली जाते, म्हणून त्यात तीनच माणसे लागतात.

पॅटनपाशी गर्दी असतेच, आणि ते योग्यही आहे. १९६५ मध्ये पाकिस्तानकडे असलेला हा अमेरिकी रणगाडा आपल्या बहुतेक रणगाड्यांपेक्षा नवा आणि सरस होता. खेमकरणजवळच्या असल उत्तर येथे ८ ते १० सप्टेंबर या काळात आपल्या सैन्याने कालव्याचे पाणी शेतांत सोडून जमीन दलदलीची केली, उसाच्या फडांत शर्मन आणि सेंच्युरियन घोड्याच्या नालाच्या आकारात दडवून ठेवले आणि पॅटनना त्यात येऊ दिले. जीपवर बसवलेल्या १०६ मिलिमीटरच्या रिकॉइललेस (डागताना मागे धक्का न देणाऱ्या) तोफेने अनेक पॅटन निकामी करणारे चौथ्या ग्रेनेडियर्सचे कंपनी क्वार्टरमास्टर हवालदार अब्दुल हमीद तेथेच धारातीर्थी पडले आणि त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र देण्यात आले. पॅटनसमोर उभे राहून आधी त्याची उंची पाहावी, मग एका उघड्या जीपची कल्पना करावी.

१९७१ साठी दोन वाहने एकत्र धरावीत: सोव्हिएत बनावटीचा पीटी-७६ आणि अमेरिकी चॅफी. पीटी-७६ पाण्यावर तरंगतो. त्याच्या मागच्या बाजूला पाण्याचा झोत फेकणारी दोन तोंडे आहेत, ती वळसा घालून अवश्य पाहावीत. तरंगण्यासाठी तो हलका ठेवावा लागला, म्हणून त्याचे चिलखत फार पातळ आहे. पूर्व बंगालच्या नद्यानाल्यांच्या मुलखात हेच वाहन उपयोगी पडणार होते. २१ नोव्हेंबर १९७१ च्या पहाटे, औपचारिक युद्ध जाहीर होण्याआधीच, गरीबपूर गावाजवळ दाट धुक्यात ४५ कॅव्हलरीच्या १४ पीटी-७६ रणगाड्यांनी चौदाव्या पंजाब पलटणीसह पाकिस्तानच्या चॅफींचा हल्ला मोडून काढला. रणगाड्यांच्या या तुकडीचे (स्क्वॉड्रनचे) नेतृत्व करणारे मेजर दलजितसिंग नारंग झाकणाबाहेर उभे राहून आज्ञा देत असताना गोळी लागून मरण पावले. त्यांना महावीर चक्र मिळाले. धुक्यात आतून काही दिसत नाही, म्हणून कमांडरला डोके बाहेर काढावे लागते, हे कळल्यावर टरेटवरचे ते झाकण आपण वेगळ्या नजरेने पाहतो.

विजयंत हा चेन्नईजवळच्या आवडी येथील अवजड वाहन कारखान्यात तयार झालेला, ब्रिटिश व्हिकर्सच्या आराखड्यावर आधारलेला रणगाडा. आपल्या देशात रणगाडे बनवण्याची सुरुवात त्याच्यापासून झाली. सेक्स्टन, आर्चर यांसारखी स्वयंचलित तोफांची वाहने आणि इतर नमुने वेळ उरल्यास पाहावेत. पहिल्या भेटीत ते राहून गेले तरी चुटपुट लावून घेऊ नये.

सेंच्युरियनपाशी मात्र थांबावे

सारे आवार घाईत पाहिले तरी चालेल, पण सेंच्युरियनला किमान वीस मिनिटे द्यावीत, विशेषतः मराठी वाचकांनी. पन्नास टनांच्या वर वजनाचा, चार माणसांचा हा ब्रिटिश रणगाडा १९६५ आणि १९७१ या दोन्ही युद्धांत पूना हॉर्सकडे होता. ही रेजिमेंट १८१७ मध्ये पुण्यात उभारली गेली. चिलखती दलातील जवानांना आजवर मिळालेली दोन परमवीर चक्रे याच रेजिमेंटची आहेत आणि दोन्ही सेंच्युरियनमधली आहेत.

लेफ्टनंट कर्नल अर्देशीर बुर्झोरजी तारापोर मुंबईत जन्मले आणि पुण्यात शिकले. त्यांचे पूर्वज रतनजीबा छत्रपती शिवाजी महाराजांच्या सैन्यात होते, अशी त्या घराण्याची परंपरा सांगते. सप्टेंबर १९६५ मध्ये सियालकोट आघाडीवर फिल्लोरा आणि चविंडा येथे त्यांनी रेजिमेंटचे नेतृत्व केले. ११ तारखेलाच ते जखमी झाले होते, पण मागे जाण्यास त्यांनी नकार दिला. पुढचे पाच दिवस ते लढत राहिले आणि १६ सप्टेंबर रोजी त्यांच्या रणगाड्यावर गोळा पडून त्यांना वीरमरण आले. आपला अंत्यसंस्कार रणभूमीवरच व्हावा, असे त्यांनी सहकाऱ्यांना सांगून ठेवले होते.

सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल यांचा जन्म १९५० चा, पुण्यातला. जून १९७१ मध्ये ते पूना हॉर्समध्ये रुजू झाले आणि तरुण अधिकाऱ्यांच्या अभ्यासक्रमासाठी याच नगरमध्ये आले. युद्धाची चाहूल लागताच त्यांना येथूनच आघाडीवर जावे लागले. १६ डिसेंबर रोजी बसंतर नदीच्या परिसरात त्यांनी शत्रूचे एकामागून एक रणगाडे निकामी केले. त्यांच्या स्वतःच्या रणगाड्याला आग लागली तेव्हा तो सोडण्याची आज्ञा झाली. तोफ अजून चालते आहे, रणगाडा सोडणार नाही, असे त्यांनी बिनतारी यंत्रावरून कळवले आणि पुढच्या आघातात ते गेले. वय २१ वर्षे. 'फामागुस्ता' नावाचा त्यांचा तो सेंच्युरियन युद्धानंतर दुरुस्त करून नगरच्याच आर्मर्ड कोअर सेंटरमध्ये जतन केलेला आहे. तो पाहता येईल का, अशी विचारणा तेथील जवानाकडे नम्रपणे करून पाहावी.

या दोन हकीकती ऐकल्यावर लढायांत रस नसलेली व्यक्तीही सेंच्युरियनभोवती पुन्हा एक चक्कर मारते, असे मी पाहिले आहे. त्या वेळी तिला आकडे सांगत बसू नये.

स्मृतिदालन

आवार पाहून झाल्यावर दालनात जावे, आधी नव्हे. रेजिमेंटांची बोधचिन्हे आणि शौर्यपदके मिळवलेल्यांच्या स्मृती येथे आहेत. बाहेरचे पोलाद आधी पाहिले असले म्हणजे या भिंतींवरची नावे कोणत्या वाहनात बसली होती, हे मनात जुळत जाते. येथे बोलणे हळू असावे आणि भ्रमणध्वनी बंद ठेवावा, कारण शेजारी उभी असलेली व्यक्ती कोणाची नातलग असेल, ते आपल्याला ठाऊक नसते. दोघांनी येथे थोडा वेळ वेगवेगळे फिरणे बरे. प्रत्येकाला थांबावेसे वाटते ते नाव निराळे असते. निघताना तेथे सेवेवर असलेल्या जवानाशी दोन शब्द बोलावेत. या वाहनांतल्या काहींची माहिती फलकापेक्षा त्यांच्याकडून अधिक जिवंतपणे मिळते, पण त्यांच्या सध्याच्या कामाविषयी, तुकडीविषयी किंवा नेमणुकीविषयी प्रश्न विचारू नयेत.

उरलेला दिवस

सोलापूर रस्त्याच्याच बाजूला निजामशाही काळातला फराह बाग हा महाल आहे. १५८३ मध्ये पूर्ण झालेली ती इमारत आज भग्न असली, तरी मधला उंच दिवाणखाना आणि भोवतालच्या तलावाच्या खुणा पाहण्यासारख्या आहेत. रणगाड्यांनी कंटाळलेल्या जोडीदारासाठी दिवसाची विश्रांती म्हणून तो चांगला. त्यानंतर भुईकोट किल्ला. चांदबिबीने मोगलांविरुद्ध हाच किल्ला लढवला, १८०३ मध्ये ब्रिटिश सेनापती वेलस्लीने तो जिंकला, आणि १९४२ च्या लढ्यात पंडित नेहरू, सरदार पटेल, मौलाना आझाद आदी नेत्यांना येथेच स्थानबद्ध करून ठेवले होते. तोही लष्कराच्या ताब्यात असल्याने ओळखपत्रे पुन्हा लागतील. ती गाडीत ठेवून उतरू नये. खरेदीची हौस असणाऱ्यांनी कापड बाजारासाठी संध्याकाळचा एक तास वेगळा काढावा.

पुण्याला त्याच दिवशी परतणार असाल, तर चारच्या सुमारास नगर सोडावे. रांजणगाव औद्योगिक वसाहतीची पाळी सुटण्याची वेळ आणि शिक्रापूर ते वाघोली हा टप्पा यांत संध्याकाळी गाड्यांची मोठी रांग लागते, आणि दिवसभर उन्हात चाललेल्या माणसांना तो दीड तास फार जड जातो. मुक्काम करणे शक्य असेल, तर पहिल्या दिवशी किल्ला आणि फराह बाग पाहून दुसऱ्या दिवशी सकाळी ताज्या मनाने संग्रहालयात जावे.